धनश्री राहूला द्यायची का?

कारेगावच्या मुलींच्या हॉकी संघाला गोल करता येत होते, अडवता येत नव्हते. हा एवढा बारीक दोष सोडला तर तालुक्यात त्यांच्या तोडीचा संघ नव्हता, असं संघाचे अध्यक्ष भिमाजी आबा चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगत. कारेगावात हॉकी कुठून आली याबद्दल चार निरनिराळी मतं आहेत आणि चारही भिमाजी आबांचीच आहेत, तेव्हा त्या वाटेला न गेलेलं बरं.

गोल करायचं काम एकट्या धनश्रीचं. बिरदेवाची ही लेक अंगानं काडीसारखी, पण चेंडू घेऊन निघाली की मागं धूळ आणि पुढं मोकळं रान. एकदा शिरूरच्या सामन्यात तिचा फटका जाळी फाडून पलीकडच्या उसात गेला. तो चेंडू पुढं दोन महिन्यांनी तोडणीच्या टोळीला सापडला, आणि सापडला तेव्हा अजून कोमट होता. आबांनी स्वतः हात लावून पाहिलेलं आहे.

अडवायचं काम प्रगतीकडे होतं. पण दिवाळीनंतर तिचं लग्न झालं आणि गोलात ऋतिकाला उभं करावं लागलं. पोरगी गुणी, पण चेंडू येताना दिसला की डोळे मिटायची आणि आवाज आला की उघडायची. आवाज बहुधा गोलाच्या मागच्या फळीचा असायचा. मागच्या स्पर्धेत धनश्रीनं सात गोल केले आणि संघानं दहा खाल्ले. लाऊडस्पीकरवरचा निवेदक मोठा चावट होता. "कारेगावच्या गोलाचं दार उघडंच हाय, पाव्हण्यांनी चपला काढून आत यावं," असं तो साऱ्या मैदानाला सांगत राहिला. बक्षीस घ्यायला म्हणून आबा घरून फेटा बांधून आले होते. त्यांनी तो हळूच सोडला, पिशवीत कोंबला आणि उरलेला सामना उघड्या डोक्यानं पाहिला. तो अपमान त्यांच्या पोटात आठवडाभर कच्च्या भुईमुगासारखा फुगत राहिला.

अशात राहूच्या संघाचे म्हाळू आप्पा यांचा फोन आला. राहू म्हणजे भीमेपलीकडं, दौंड तालुक्यात. त्यांचं दुखणं नेमकं उलट होतं. त्यांच्याकडं गोलकीपर दोन, त्यातली ज्ञानेश्वरी तर अशी की तिच्या गोलात चेंडू शिरणं म्हणजे बँकेच्या लॉकरात हात घालणं. पण समोर जाऊन गोल मारणारी एक नाही. सगळे सामने शून्य-शून्य. बघायला येणारी माणसं मैदानात झोपायला लागली होती.

"आबा," म्हाळू आप्पा म्हणाले, "तुमची धनश्री आमाला द्या, आमची ज्ञानेश्वरी तुमी घ्या. दोनी घरं उजळतील."

आबांनी लगेच पप्पूच्या मोबाईलच्या दुकानात कार्यकारिणीची तातडीची सभा घेतली. कार्यकारिणी म्हणजे अध्यक्ष आबा, सचिव पप्पू आणि मुलींचा सराव घेणाऱ्या, शाळेतल्या अनिता बाई.

"ह्यात इचार करायचाच न्हाई," पप्पू म्हणाला. "सात करून धा खाण्यापरीस एक करून शून्य खाल्ल्यालं काय वाईट?"

"आणि तो एक कोण करणार?" अनिता बाईंनी विचारलं. "तुम्ही?"

"कुणीबी करंल की. गोल काय, मारल्यावर व्हतो."

"अशी पोरगी दहा वर्षांत एकदा मिळते, पप्पूशेठ. गाडीची चाकं विकून ब्रेक आणायला निघालाय तुम्ही."

"बाई, ब्रेक न्हाई म्हणून तर गाडी दरवेळंला वड्यात जाती!"

आबा एकदा इकडं बघत, एकदा तिकडं. बाई बोलल्या की त्यांना धनश्री परक्या रंगाच्या जर्सीत दिसे. पप्पू बोलला की लाऊडस्पीकर ऐकू येई. शेवटी, निर्णय घ्यायची वेळ आल्यावर थोर माणसं जे करतात तेच त्यांनी केलं. "लोकशाही मार्गानं जाऊ," ते म्हणाले. "ग्रुपवर टाक. सभासद सांगतील ते."

पप्पूनं तिथल्या तिथं मतदान टाकलं: 'धनश्री राहूला द्यायची का? बदल्यात त्यांची ज्ञानेश्वरी आपल्याकडे येईल. हो किंवा नाही. आबांच्या आदेशावरून.'

आता पप्पूच्या फोनमध्ये ग्रुप दोन. एक 'जय मल्हार हॉकी कारेगाव' आणि दुसरा 'जय मल्हार ग्रामस्थ कारेगाव'. गिऱ्हाईक समोर स्क्रीनगार्ड लावायला घाई करत होतं, अंगठा बोटभर खाली पडला आणि मतदान गेलं ग्रामस्थांत. संघाचे सभासद वीस, मतं पडली दोनशेच्या वर. पप्पूच्या ते संध्याकाळी ध्यानात आलं. पण चूक कबूल केली तर सचिवपद जाईल, म्हणून त्यानं फक्त निकाल कळवला, "आबा, भरघोस 'हो' हाय. दोनशेच्या वर."

"दोनशे माणसं?" आबा गहिवरले. "गावात हॉकी रुजली, पप्पू."

आबा स्वतः त्या ग्रुपवर असते तर हे प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण त्यांच्या वाढदिवसाला तिथं फक्त तिघांनी केकचं चित्र टाकलं, त्यातलं एक चित्र दुसऱ्याच माणसाचं होतं, म्हणून त्यांनी स्वाभिमानानं ग्रुप सोडला होता. स्वाभिमानाची किंमत अशी कुठं ना कुठं चुकती करावी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा डेअरीवर दूध घालायला गेले तर सल्ल्यांची रांग लागली.

"आबा, राहू चांगलंच हाय. नदीकाठ, बारमाही पाणी, घरोघरी गुऱ्हाळं. पोरगी गुळात ऱ्हाईल."

"गुळाचं काय न्हाई," आबा म्हणाले, "पण ताकद येती खरी."

"पण साटंलोटं म्हणल्यावर जरा जपून, आबा. एका बाजूला बिनसलं की दुसऱ्या बाजूला बी बिनसतं."

आबांना ही तुलना फार आवडली. पोरगी देऊन पोरगी घ्यायची, म्हणजे साटंलोटंच झालं की. दिवसभर ते ज्याला त्याला स्वतःहून सांगत सुटले, "साटंलोटंच म्हणा ना!" ऐकणारे माना हलवायचे आणि आबांच्या पाठीमागं म्हणायचे, बिरदेवाच्या घरचा कारभार आबांच्या हातात कधी गेला?

घरी त्यांच्या पत्नी मुक्ताबाई ताट आपटून वाढत होत्या. "लोकांच्या लेकी देऊन टाकायला तुमाला कुणी सांगितलंय?"

"संघाच्या भल्यासाठी करतोय."

"कुठल्या संघाच्या? दूध संघाच्या?"

"तुला त्यातलं कळायचं न्हाई."

"मला सगळं कळतंय. पोरीचं शिक्षान तरी हुंद्या म्हणावं."

"शिक्षान चालूच ऱ्हाईल की. त्यांची काय हरकत न्हाई."

"आत्ता न्हाई म्हणतात," मुक्ताबाई म्हणाल्या आणि भाकरी टाकून आत गेल्या.

संध्याकाळी आबा बिरदेवाकडे गेले. बिरदेवाचे वाडवडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेले. आता त्याची रस्त्याकडेला दोन एकर होती, स्लॅबचं घर होतं आणि थोरला मुलगा विक्रम कंपनीत कायम होता. सगळं होतं, फक्त विक्रमचं लग्न जमत नव्हतं. चौतिशी उलटली. कुणी म्हणे शेती कमी, कुणी म्हणे शेती कशाला, कुणाला मुलगा पुण्यात हवा, कुणाला पुण्यात पण सासू कारेगावात हवी. प्रत्येक नकारागणिक विक्रमच्या डोक्यावरचे केस थोडे मागं सरकत होते.

"बिरदेवा, पोरीबद्दल बोलायचं हुतं," आबांनी सुरुवात केली.

"कानावर आलंय, आबा." बिरदेवानं टाकोटाक बायकोला, बानूबाईला, चहा टाकायला सांगितलं.

"राहूची माणसं चांगली हायेत. म्हाळू आप्पा सोता बघायला येतो म्हणतोय, रविवारी."

"तुमच्या शब्दाभाईर आमी न्हाई. पण बदल्यात त्यांची पोरगी..."

"ती तर पायजेच! तिच्याबिगर बोलणंच न्हाई. आपल्याकडची जागा कवाधरनं रिकामी हाय."

बिरदेवाचे डोळे भरून आले. एवढ्या मोठ्या माणसाला आपल्या विक्रमची इतकी काळजी असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. बानूबाई दाराआडून पुढं आली.

"दिसायला कशी हाय, आबा?"

"दिसण्याला काय करायचंय? दांडगी हाय. दारात उभी ऱ्हायली की आत वारा शिरत न्हाई."

"आन् कामाला?"

"काम एकच. आडवायचं."

"आमच्याकडं आडवणारीच पायजे," बानूबाई समाधानानं म्हणाली. "पगार झाला की मोबाईल, पगार झाला की मोबाईल."

आबांना हे नीट कळलं नाही, पण आजकाल पोरी मोबाईलपायी सरावाला दांड्या मारतात हे खरं होतं. त्यांनी मान हलवली.

"पण मामाला इचारावं लागंल," बिरदेव म्हणाला. "कोरेगाव भीमाला असतो तिचा मामा, ज्योतिबा. मामाबिगर कसं व्हईल?"

हॉकीत मामा कुठून आला, असं आबांच्या मनात येऊन गेलं. पण पहिली स्टिक मामानंच घेऊन दिली असेल, असा उलगडा त्यांनी स्वतःचा स्वतः केला. धनश्रीशी बोलायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. ती दिवसभर शिरूरच्या कॉलेजात आणि संध्याकाळी मैदानावर. तिला तिच्या आईनं एवढंच सांगितलं, "रविवारी पाव्हणे येणार हायेत, लवकर ये."

कागदपत्रांत आपण कमी पडू नये म्हणून आबा शिरूरला गेले. खेळाडूला संघ बदलायचा तर कुठल्याशा कचेरीतून नाहरकत दाखला लागतो. कचेरीत दोन खिडक्या होत्या. एकीवर 'बंद' अशी पाटी होती आणि दुसरी बंद होती. दोन कप चहाच्या अंतरानं एक कारकून उगवला.

"मुलगी का?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"कुठून कुठं?"

"कारेगावातनं राहूला."

"कारण?"

आबा विचारात पडले. चाकं आणि ब्रेक हे कारण कागदावर कसं लिहायचं?

"राहू द्या," कारकून म्हणाला. "मुली गाव कशानं बदलतात ते आम्हाला ठाऊक आहे." आणि त्यानं खरडून, शिक्का मारून कागद दिला. आबांचा चष्मा घरी राहिला होता. शिक्का गोल आणि निळा आहे, एवढं पाहून त्यांनी कागदाची घडी खिशात घातली.

रविवारी बिरदेवाच्या ओसरीला ताजा चुना. सतरंजीवर नवीन चादर. ज्योतिबा मामा लाल पटका बांधून मधोमध बसलेले. विक्रमनं केस काळे केले होते आणि घाईत थोडं कपाळही. एवढ्या तयारीनं आबांची छाती फुगली. संघासाठी असा पालक कुठं मिळतो!

राहूची जीप आली. म्हाळू आप्पा नारळ आणि पेढ्यांचा खोका घेऊन उतरले. मागून ज्ञानेश्वरी उतरली. उंचीपुरी, खांद्यावर पिकअपमध्ये मावणार नाही एवढी बॅग. तिनं ती बॅग ओसरीवर टाकली तेव्हा फळीवरचा रेडिओ आपोआप सुरू झाला, असं सांगणारे आजही आहेत. विक्रमनं एकदा वर पाहिलं, लाजला आणि मान खाली घातली ती घातलीच.

"बॅग बी घेऊन आली!" बानूबाई आत शेजारणीला म्हणाली. "लई तयारीची माणसं."

पोहे झाले. म्हाळू आप्पांनी मुद्द्याला हात घातला. "पोरगी पळती कशी?"

ज्योतिबा मामांचा चमचा हवेत राहिला. "आमच्या घरातली पोरगी पळत न्हाई, पाव्हणं!"

"पळती की!" आबा उसळून म्हणाले. भलत्या वेळी हा विनय त्यांना पटला नाही. "सगळ्या तालुक्यादेखत पळती! चारचार जणी मागं लागल्या तरी कुणाला घावत न्हाई."

बिरदेवानं आबांकडं असं पाहिलं की जणू भरल्या घरात साप सोडला.

"मार सोसती का?" म्हाळू आप्पांनी विचारलं. "आमच्याकडं लागतं जरा."

"लागतं?" बानूबाई आतून म्हणाली.

"मागल्या साली दात हालला तरी हूं का चूं न्हाई केलं," आबांनी ग्वाही दिली.

"झ्याक. आमच्याकडं पयल्या दिसापासनं पुढं ऱ्हावं लागंल. तिथं दमछाक हाय. आता तुमी आमची बघा. ज्ञानेश्वरी, उभी ऱ्हा गं."

आबा उठले, तिच्याभोवती फिरले, म्हणाले, "हात पसर बरं." तिनं पसरले. ओसरीचे दोन्ही खांब झाकले गेले. "नामी! बिरदेवा, बघ, एक फट न्हाई!"

"सभाव बी चांगला हाय," म्हाळू आप्पा म्हणाले. "तुमच्या धा जणींत मिसळून ऱ्हाईल. ही अकरावी."

विक्रमची मान पहिल्यांदा वर आली. "धा कुठल्या? मला एक बी न्हाई!"

"तुला कोण इचारतंय?" आबा म्हणाले.

"मंग कुणाला इचारणार?"

म्हाळू आप्पांनी त्याच्याकडं दुर्लक्ष करून शेवटचा मुद्दा पुढं केला. "तर आबा, एक हंगाम बघू. जमली तर ठिवू, न्हाई जमली तर आणून सोडू. मधी हिचं काय मोडलंबिडलं तर तवर आमची दुसरी वापरा."

मग ज्योतिबा मामा उठले. पटका सुटून खांद्यावर आला होता. "जमली तर ठिवू? आमची लेक काय पाण्याची मोटार हाय व्हय, चालवून बघायला?"

"मामा, लोन म्हणत्यात त्याला, उसनी द्यायची," आबा म्हणाले. "सगळीकडं असंच चालतंय."

"सगळीकडं?" बानूबाई हातात उलथनं घेऊन बाहेर आली. "आबा, तुमी देवमाणूस समजून चा पाजला तुमाला!"

"अगं पण ही हॉकी हाय!"

"काय बी नाव द्या त्याला!"

आता कुठं आबांच्या डोक्यात हळूहळू उजाडायला लागलं. साटंलोटं, मामा, चुना, विक्रमचं कपाळ. पण अध्यक्षाजवळ शेवटी कागद असतो. "थांबा! हे लगीन न्हाई! सरकारी पुरावा हाय!" म्हणत त्यांनी खिशातली घडी ज्योतिबा मामांच्या हातात दिली.

मामांनी कागद लांब धरला आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. "कुमारी धनश्री बिरदेव. कारेगाव येथून राहू येथे. कारण: विवाह."

त्यानंतरच्या गोंधळात कोण कुणाला काय म्हणालं ते सांगता येत नाही. म्हाळू आप्पा जीपच्या मागं गेले. आबा सतरंजीवर मधोमध, एकटे, अंगावर पोहे. अशा वेळी फाटकातून धनश्री आली. गुडघ्यापर्यंत माती, पायाला पॅड, खांद्यावर स्टिक.

"काय चाललंय?" तिनं विचारलं.

सगळे एकदम बोलले. तिनं सगळ्यांचं ऐकलं. आधी तिला हसू आलं, मग ते मावळलं.

"म्हंजी आईबाप मला लग्नात देत हुते," ती म्हणाली, "आन् आबा हॉकीत."

"तसं न्हवं गं..." बिरदेव म्हणाला.

"तसंच. दादाच्या लग्नापायी तुमी, आन् गोलापायी आबा. दोगांत मला कुणी इचारलं?"

आबांनी घसा खाकरला. "दोनशे माणसांनी 'हो' म्हणलंय, पोरी."

"त्यातल्या कितींनी कवा एक गोल केलाय?"

आबा अंगावरचे पोहे एकेक करून वेचू लागले.

"मला बी कुठं सांगितलं?" ज्ञानेश्वरी बॅगेवर बसून म्हणाली. "आप्पा म्हणाले, गाडीत बस. मला वाटलं, सामना हाय."

धनश्रीनं तिच्याकडं नीट पाहिलं. मग पेढ्यांचा खोका उचलला. दोघी बाहेर गेल्या आणि जनावरांच्या हौदाच्या कडेला बसल्या. आत मोठी माणसं शिक्षा झालेल्या वर्गासारखी बसली. मधेच विक्रम म्हणाला, "मंग माझं काय?" अर्धा खोका संपल्यावर दोघी परत आल्या.

"ठरलं," धनश्री म्हणाली. "उद्या मी राहूला येणार. संघ बघायला. मैदान पसंत पडलं तर बोलू."

"आन् मी हितला बघणार," ज्ञानेश्वरी म्हणाली. "गोलाम्होरं खड्डा हाय म्हणत्यात."

दुसऱ्या दिवशी आबा तिच्यासोबत राहूला गेले. नको म्हटलं तरी गेले. कुणीतरी वडीलधारं हवं, असं त्यांचं म्हणणं. खरं तर घरी मुक्ताबाई होत्या. मैदानावर म्हाळू आप्पा नवरदेवाच्या बापासारखे उभे. धनश्रीनं कमरेवर हात ठेवले.

"मैदान सोताचं का सोसायटीचं?"

"सोसायटीचं. पण कायमचं."

"पोरींना कपडे बदलायला खोली हाय, का ऊस?"

म्हाळू आप्पा पुसटसं हसले. "सध्याला ऊस. खोलीचं बघतो."

"बघतो न्हाई. पत्र्याची उभी करा, मग बोला. कॉलेजच्या परीक्षेला सुट्टी देणार?"

"देणार."

"पडले तर दवाखाना कोण बघणार?"

"आमीच." म्हाळू आप्पांनी रुमालानं मान पुसली आणि आबांच्या कानात म्हणाले, "माझ्या लग्नात बी येवढं कुणी इचारलं न्हवतं, आबा."

मग त्यांच्या कोच सुषमा मॅडम आल्या. जुन्या खेळाडू, आवाज घोगरा. त्यांनी धनश्रीला चेंडू दिला, थोडा वेळ पळवलं, थांबवलं, काहीतरी दाखवलं, पुन्हा पळवलं. आबा बांधावर बसून पाहत होते. धनश्री चुकत होती. आबांनी तिला कधी चुकताना पाहिलं नव्हतं. त्यांना त्या मॅडमचा फार राग आला.

परतताना भीमेच्या पुलावर तिनं स्कूटी थांबवली. खाली पाणी संथ होतं.

"आबा, मी जाणार."

आबा स्कूटीवरून उतरले आणि कठड्याला टेकले.

"त्या मॅडमनी मला येवढ्याशा वेळात चार चुका सांगितल्या. डाव्या बाजूनं चेंडू घेतला की माझी मान खाली जाती म्हणं. पाच वर्सांत तुमी एक बी न्हाई सांगितली."

"मला दिसलीच न्हाई, पोरी," आबा म्हणाले. आणि हे त्यांचं वाक्य, त्यांच्या हजारो वाक्यांतलं, अगदी खरं होतं.

नदीकडं बघत त्यांनी बराच वेळ नाक साफ केलं. मग म्हणाले, "जा. आमी बघू आमचं. पण खोली आदी उभी करून घे."

पत्र्याची खोली पंधरवड्यात उभी राहिली. दाखल्यावरचं कारण बदलून घेताना कारकुनानं 'मग मोडलं का?' असं हळहळून विचारलं, ते सोडून द्या. खोली झाली तशी निघायची वेळ आली आणि गावानं ती वेळ आपल्या पद्धतीनं साजरी केली. लग्न नव्हतं हे आता सर्वांना कळलं होतं, पण रडायची तयारी झाली होती ती वाया कशी घालवायची? चौकात बायका जमल्या. बानूबाईनं भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि खारी मिरची बांधून दिली. मुक्ताबाईंनी हळदीकुंकू लावलं. पप्पूनं फोटो काढून या खेपेला योग्य ग्रुपवर टाकला. अनिता बाई एकट्याच "अहो, पण..." म्हणत होत्या, त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

"आबा, ऐका तर," धनश्री म्हणाली, "मी काय..."

"काय बोलू नगंस," आबांनी हात वर केला. फेटा बांधलेला होता. "जाशील तिथं गोल कर. हिकडची काळजी करू नगंस. आमी..." पुढचं भाषण पाठ होतं, पण त्यांनी फेट्याचा शेमला डोळ्यांना लावला. स्कूटी वळणाआड गेली तशा बायका रडून मोकळ्या झाल्या. बिरदेव खांबाला टेकला. दुपारी आबा जेवले नाहीत. मैदानाच्या कडेला प्लॅस्टिकची खुर्ची टाकून रिकाम्या गोलाकडं पाहत बसले.

मैदान पसंत करून गेलेली ज्ञानेश्वरी मोटारसायकलवरून आली, पॅड चढवले, गोलाम्होरचा खड्डा स्वतः बुजवला आणि उभी राहिली. पोरींनी फटके मारले. एकही आत जाईना. आबांना बरं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

ऊन कललं आणि चौकाकडून ओळखीचा हॉर्न आला. धनश्री स्कूटी लावून, भाकरीचं रिकामं फडकं झटकत, मैदानात शिरली.

आबा ताडकन उठले. "काय गं, काय झालं?"

"काय व्हायचंय? सराव सुटला."

"आन् ऱ्हायला?"

"ऱ्हायला कशाला? कॉलेज शिरूरला हाय माझं. अप-डाऊन करणार. तेच सांगत हुते सकाळी, पण तुमी रडत हुता."

बातमी चौकात पोचली तेव्हा दोनचार बायकांना राग आला. एवढ्या रडण्यात एका खऱ्या लग्नाचं काम झालं असतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

धनश्रीनं बॅग टाकली, स्टिक काढली. "ज्ञानेश्वरी, पेढं खाल्लं हुतं तवा लई बढाया मारत हुतीस. आता आडव." ती निघाली. मागं धूळ. डाव्या बाजूनं आली, मान वर होती, आणि फटका सुटला. ज्ञानेश्वरीनं पाय टाकला. ठप्प. चेंडू बाजूला.

आबांच्या तोंडून "अरेरे!" निघालं आणि त्याच दमात "शाबास!" निघालं. आपण कुणाला काय म्हणालो हे त्यांचं त्यांना कळेना. दुसरा फटका कोपऱ्यातून आत गेला, फळी वाजली. आता "शाबास" आधी आणि "अरेरे" मागून. तिसरा पुन्हा अडला. पोरी कडेला गोळा होऊन ओरडायला लागल्या.

"आबा," अनिता बाईंनी जवळ येऊन विचारलं, "शनिवारी आपला राहूशीच सामना आहे. तुम्ही कुणाकडून बसणार?"

आबांनी फेटा सारखा केला. "मी अध्यक्ष हाय, बाई. मी बरोबर मधी बसणार. कुणाकडून न्हाई."

आणि शनिवारी ते खरोखरच मैदानाच्या मधल्या रेषेवर खुर्ची टाकून बसले. खुर्ची तेवढी धनश्री पळत होती त्या बाजूला जरा कललेली होती. तिकडं जमीनच उतरती आहे, असं आबांचं म्हणणं.